गाळणीपलीकडचा आवाज

मयूरी बारापात्रेला नोकरीत शेवटची शिवी कधी ऐकावी लागली होती, ते आता आठवतही नसे, आणि ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगायची.

नागपूरच्या वर्धा रोडवर एका काचेच्या इमारतीत, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन घेणारं केंद्र होतं. शहर उंच होत गेलं तशा लिफ्ट वाढल्या, आणि लिफ्ट वाढल्या तशी त्यात अडकणारी माणसंही वाढली. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की इथे घंटी वाजायची. कुठलं दुरुस्तीपथक कुठे आहे हे संगणक दाखवायचा, पण आधी कुणाकडे धाडायचं हे फोन घेणारीने ठरवायचं असा नियम होता. अडकलेल्या माणसाशी माणसानेच बोललं पाहिजे, असं सरकारने कायदा करून सांगितलं होतं. म्हणून तर या बायकांच्या नोकऱ्या टिकल्या होत्या, नाहीतर तेही काम यंत्राने केव्हाच गिळलं असतं.

आता अडकलेला माणूस काही गोड बोलत नाही. दिवा गेलेला, पंखा बंद, त्यात नागपूरचा मे महिना. समोर जो सापडेल त्याला तो सोलून काढतो, आणि समोर सापडायच्या त्या या बायका. पुरुष शिव्या द्यायचे, बायका शाप द्यायच्या. कंपनीचा दंडक असा की काहीही ऐकू आलं तरी "क्षमस्व सर, क्षमस्व मॅडम" म्हणायचं आणि आवाज चढू द्यायचा नाही.

मयूरीच्या शेजारच्या खुर्चीवर दीपाली खोब्रागडे बसायची. हळव्या मनाची मुलगी. वाईट फोन झाला की उठून बाथरूममध्ये जायची आणि ओकून यायची. एकदा एका माणसाने तिच्या आईवरून काहीतरी घाण म्हटलं. दीपालीची आई नुकतीच वारली होती. दीपाली नियमाप्रमाणे "क्षमस्व सर" म्हणाली, पथक पाठवलं, आणि मग जिन्यात जाऊन बसली ती कुणी हाक मारली तरी उठेना. त्या दिवशी मयूरीने सगळ्या बायकांना गोळा केलं आणि थेट व्यवस्थापक बेडेकरांच्या केबिनमध्ये शिरली. "सर, आम्ही काम करायला येतो, थुंकून घ्यायला नाही," असं ती म्हणाली आणि हटून बसली. त्या भांडणातून ते यंत्र आलं.

कागदोपत्री त्याचं नाव 'सौजन्य' होतं. बायका त्याला गाळणी म्हणायच्या.

आवाज म्हणजे शेवटी हवेची थरथर. त्या थरथरीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: माणूस काय म्हणतो आणि कसं म्हणतो. आपला मेंदू दोन्ही एकदम ऐकतो. गाळणीला त्या वेगळ्या करता यायच्या. वाक्य पुरतं व्हायच्या आत ती त्याचा शेवट ओळखायची, अर्थ एका बाजूला काढायची आणि चढलेला सूर, धाप, दातओठ खाणं दुसऱ्या बाजूला. मग तोच अर्थ त्याच माणसाच्या आवाजात, शांतपणे, नव्याने बोलायची. हे सगळं इतक्या चटकन व्हायचं की कानाला खंड जाणवत नसे.

तिला शिकवण्यासाठी लाखो खरीखुरी भांडणं ऐकवली होती. रागात माणसं काय बोलतात आणि त्यातलं त्यांना खरंच काय म्हणायचं असतं, हे ती त्यातून शिकली होती. 'तुझ्या बापाची लिफ्ट आहे का' म्हणजे 'कृपया लवकर करा', हे तिला पक्कं कळायचं. मूळ आवाज कुठे साठवला जात नसे, कारण लोकांच्या शिव्या जपून ठेवून कुणाचं भलं होणार होतं? आणि गाळणी दोन्ही बाजूंनी चालायची. सुरुवातीला मयूरीने गंमत म्हणून एका माणसाला "लाज वाटत नाही का हो तुम्हाला?" असं विचारून पाहिलं होतं. त्याला पलीकडे काय ऐकू आलं कोण जाणे, पण तो "आभारी आहे ताई" म्हणाला. त्यावर सगळ्या जणी कितीतरी दिवस हसत होत्या.

सगळ्यांत जास्त आनंद झाला होता तो मयूरीच्या वडिलांना. देवरावांनी महाल भागातल्या एका सावजी भोजनालयात उभी हयात वाढप्याचं काम केलं. केस पिकले तरी गिऱ्हाईक त्यांना "ए पोट्ट्या, रस्सा आन" म्हणूनच बोलवायचं. मयूरीचा नवरा भिलाईला नोकरीला असल्यामुळे घरात बापलेक दोघंच असायची. संध्याकाळी ती घरी आली की देवराव शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारायचे, "आज किती लोकं ताई ताई म्हनले मग तुले?"

"सगळेच, बाबा."

"पाहा," देवराव म्हणायचे, आणि पुढे काही बोलायची त्यांना गरज वाटत नसे.

त्या मे महिन्यात एका दुपारी वादळ आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, निम्म्या शहराची वीज गेली. ज्या लिफ्टच्या बॅटऱ्या धड होत्या त्या आपोआप जवळच्या मजल्यावर येऊन उघडल्या. बाकीच्या जिथल्या तिथे लटकल्या. केंद्रातले सगळे फोन एकदम वाजायला लागले आणि पथकं कमी पडायला लागली.

मयूरीच्या कानात एक बाई होती, कडेवर तान्हं मूल असलेली. एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांना दम्याचा त्रास होता. आणि एक होते प्रमोद उमाठे, मनीषनगरच्या एका सोसायटीत आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये अडकलेले.

"नमस्कार ताई," उमाठे शांतपणे म्हणाले होते. "मी अडकलो आहे. मला थोडी घाई आहे. जमेल तेव्हा कुणाला तरी पाठवा."

"तब्येत ठीक आहे ना सर?"

"मला थोडी घाई आहे," ते पुन्हा म्हणाले. आवाज स्वच्छ, सरळ, कुठेही धाप नाही.

मयूरीला त्यांचं कौतुकच वाटलं. एवढ्या गदारोळात एक तरी समजूतदार माणूस भेटला म्हणून ती मनातल्या मनात सुखावली. पथक तिने आधी मुलाच्या आईकडे पाठवलं, मग दम्याच्या आजोबांकडे, आणि मग उमाठ्यांकडे. हातात जे होतं त्यावरून कुणीही तेच केलं असतं. पथकाने लिफ्ट उघडली तेव्हा उमाठे खाली पडलेले होते, तोंडाला फेस आणि अंगावरचा सदरा घामाने चिंब.

ते वाचले. त्यांना मधुमेह होता. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून ते खाली दही आणायला निघाले होते. पाच मिनिटांत परत येऊन ताटावर बसायचं, म्हणून. अडकले आणि रक्तातली साखर उतरत गेली. कंपनीने चौकशी केली, साठवलेलं, गाळून आलेलं संभाषण ऐकलं, आणि फोन घेणारीची काही चूक नाही असा निर्वाळा दिला. मयूरीला मात्र चैन पडेना. रविवारी ती दोन शहाळी घेऊन दवाखान्यात गेली.

उमाठे सर पलंगावर टेकून बसले होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, किडकिडीत गृहस्थ. उजवी बाजू अजून नीट साथ देत नव्हती आणि शब्द अडखळत येत होते. मयूरीने आपण कोण ते सांगताच त्यांनी डावा हात कपाळाला लावला.

"ताई, माफ... माफ करा मला," ते म्हणाले. "आयुष्यात कधी... असं बोललो नाही मी."

"कसं, सर?"

त्यांची बायको कुंदाताई खाली मान घालून शहाळ्याला भोक पाडत होत्या. "सांगू नका म्हटलं होतं मी त्यांना," त्या म्हणाल्या. "पण त्यांना राह्यवत नाही. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली की मेंदूला अन्न मिळत नाही, मग मानूस असा वागतो. मी लिफ्टच्या दाराबाहेरच उभी होती. जे काही ते तुम्हाला बोलून राह्यले होते ना जी, मला ऐकवेना. जीभ जड, अन् तोंडात एकेक असे शब्द. आमच्या घरात कधी उच्चारले नाहीत असे."

"काकू, काहीतरी चुकतं आहे तुमचं," मयूरी म्हणाली. "सर माझ्याशी फार चांगलं बोलले. 'मला थोडी घाई आहे, जमेल तेव्हा पाठवा', एवढंच म्हणाले ते. म्हणून तर मी..."

कुंदाताईंचा हात थांबला.

"घाई आहे?" त्यांनी विचारलं. "अवो, ते गळा फाडून ओरडून राह्यले होते, 'मी मरून राह्यलो, मी मरून राह्यलो' म्हणून. मी वॉचमनला शोधायला जाणार होती. मग म्हटलं, त्या बाई एवढं ऐकून राह्यल्या आहेत, तर येतीलच कोणी. म्हणून तिथंच थांबली मी."

मयूरीला एकदम सगळं लखलखीत कळलं. चिडलेली माणसं दिवसातून शंभर वेळा म्हणतात, मरून राह्यलो इथं. गाळणीने ती लाखो भांडणं ऐकली होती आणि त्यातून ती शिकली होती की असं म्हणणारं कुणी मरत नसतं, त्याला फक्त घाई असते. जड झालेली जीभ तिने सरळ केली होती, धाप पुसून टाकली होती, घामेजलेल्या बेभान माणसाला सभ्य करून मयूरीच्या कानात सोडलं होतं. आणि गाळणी यायच्या आधी मयूरीला कानावरून हे ओळखता यायचं. आरडाओरडा करणारा साधारण ठीक असतो, ज्याची जीभ लटपटते त्याच्याकडे आधी पथक पाठवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून आलं होतं. ती त्या पलंगाशी उभी राहून रडली. कुंदाताईंना वाटलं, शिव्या आठवून रडते आहे, आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सोमवारी तिने पहिल्यांदा दीपालीला सांगितलं. कँटीनमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"सर वाचले ना?" दीपालीने विचारलं.

"वाचले. पण..."

"मग पण काय? कोणाला माहीत आहे हे? तुला, अन् त्या काकूंना. त्यांनाही पुरतं कळलं नाही. तू साहेबांना सांगितलं की गाळणी काढतील ते. अन् मग?" दीपालीचा आवाज कापायला लागला. "तुझं ठीक आहे, तू घट्ट आहेस. मी काय करू? पुन्हा बाथरूममध्ये जाऊन ओकत बसू? तूच आणली ना ती माझ्यासाठी?"

दीपालीने डबा न संपवताच झाकण लावलं आणि ती निघून गेली.

घरी देवरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तू आता आपल्या तोंडानं जाऊन सांगशीन, का आम्हाले शिव्या पाहिजे म्हनून?"

"तसं नाही, बाबा."

"तसंच होते ते. मी जन्मभर खाल्ल्या, तुले खा लागू नये म्हनून. मले कोनी अशी गाळणी देली असती ना, तर मी झोपतानाही काढली नसती."

"अन् कोणी ओरडलं असतं की भट्टी भडकली, पळा, तर?"

"तवा काढली असती."

"तेव्हा ऐकू कसं आलं असतं, बाबा?"

देवरावांनी ताट पुढे सरकवलं. "तुले पटते ते कर," शेवटी ते म्हणाले. "मले नाही पटत." आणि त्यांना ते पुढेही कधी पटलं नाही.

मयूरी त्या गमतीचा विचार करत पडली, जिच्यावर त्या सगळ्या इतक्या हसल्या होत्या. लाज वाटत नाही का, असं तिने विचारलं आणि त्या माणसाला गोड काहीतरी ऐकू गेलं. म्हणजे तिचं तोंडही यंत्रानेच धरलं होतं. आधी कंपनीचा दंडक धरायचा, मग गाळणी धरायला लागली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपल्याला शिव्यांचा त्रास होतो. पण शिव्या तर तिचे आजोळचे मामाही देत आणि ती उलट उत्तर देऊन मोकळी होई. त्रास होता तो शिवी ऐकून क्षमस्व म्हणावं लागण्याचा. दीपालीही ओकायची ते आपलेच गिळलेले शब्द, असं तिला आता वाटलं.

बेडेकर तसा वाईट माणूस नव्हता. पुण्याहून आलेला, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. मयूरीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"तुम्ही हे लपवलं असतंत तर कुणाला कळलं नसतं," तो म्हणाला. "मला आवडलं तुम्ही सांगितलंत ते. आपण यंत्रात सुधारणा करून घेऊ. धोक्याची चिन्हं दिसली की तुमच्या पडद्यावर दिवा लागेल."

"माणूस मरून राह्यला आहे की नुसता चिडला आहे, हे त्या यंत्राला कळत असतं तर त्याने सरांचं बोलणं बदललंच नसतं, सर."

"हळूहळू कळेल त्याला."

"हळूहळू म्हणजे आणखी किती उमाठे सर असे पडल्यावर?"

बेडेकरने पेन खाली ठेवलं. "मग काय करायचं? काढून टाकायचं यंत्र? शिव्या ऐकायची तयारी आहे तुमची?"

"शिव्या ऐकायची आहे," मयूरी म्हणाली. "शिवीला क्षमस्व म्हणायची नाही. गाळणी काढायची तर दोन्हीकडून काढा. ते त्यांच्या आवाजात बोलतील, आम्ही आमच्या. मदत आम्ही करूच, कोणी कितीही वाईट बोललं तरी पथक थांबणार नाही. पण नीट बोला, हे सांगायचा हक्क आम्हाला पाहिजे. अन् नाहीच सहन झालं तर फोन शेजारणीकडे द्यायचा, त्यासाठी कोणी पगार कापायचा नाही."

"लोक तक्रारी करतील."

"करू द्या ना. आमचं नाव घेऊन करू द्या."

बेडेकरने वरच्यांशी झगडून महिनाभराची परवानगी आणली, तीही फक्त लिफ्टच्या फोनपुरती. बायकांत दोन तट पडले. काही जणींनी मयूरीला घरभेदी म्हटलं. दीपालीने बिलं पाठवण्याच्या विभागात बदली मागितली, जिथे गाळणी राहणार होती, आणि ती मंजूर होईपर्यंत मयूरीशी बोलणं सोडलं. शेजारच्या खुर्चीवर बसून ती दिवसभर पाठ अर्धी वळवून काम करायची. मयूरीने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला.

गाळणी बंद झाली त्या सकाळी सगळ्या जणी परीक्षेला बसल्यागत बसल्या होत्या. पहिला फोन मयूरीला आला. एका बाईने तिला "मूर्ख, बिनकामाची" म्हटलं, तेवढ्यात पथक पोचलं आणि बाईने फोन आपटला. फार काही वाटलं नाही. मग घंटी दीपालीकडे वाजली.

पलीकडे काय चाललं होतं ते मयूरीला ऐकू येत नव्हतं, पण दीपालीचा चेहरा पांढरा पडत गेलेला तिला दिसला. हेडफोनमधून पुरुषी आवाजाची गुरगुर बाहेरपर्यंत येत होती. दीपालीचे ओठ हलले. "क्षम..." ती म्हणाली आणि थांबली. मयूरीने आपला हात पुढे केला, फोन इकडे दे म्हणून. दीपालीने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"दादा," दीपाली म्हणाली. आवाज इतका कापत होता की मागच्या रांगेतल्या बायकाही वळल्या. "दादा, माझं नाव दीपाली खोब्रागडे. मी तुम्हाला बाहेर काढायलाच बसली आहे इथं. तुम्ही माझ्या आईला यात आणायचं नाही. ती वारली. आता सांगा, कितव्या मजल्यावर आहात?"

गुरगुर बंद झाली. दीपाली ऐकत राहिली. मग तिची बोटं चालायला लागली.

"हाव... सहावा. छातीत दुखत नाही ना? धाप लागली आहे तुम्हाला. खाली बसून घ्या, भिंतीला टेकून. येऊन राह्यले ते लोक, निघाले. मी आहे इथं, ठेवत नाही मी फोन."

तो माणूस बाहेर येईपर्यंत ती खरंच बोलत राहिली. मग तिने हेडफोन काढला, उठली, आणि भराभर बाथरूमच्या दिशेने चालायला लागली. आपण या पोरीला कुठे आणून सोडलं, असं वाटून मयूरीने डोळे मिटून घेतले.

दीपाली दारापर्यंत जाऊन परत आली. खुर्चीपाशी उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिने मयूरीकडे सरळ पाहिलं.

"मयूरी, गाळणी बंद आहे ना आज?"

"बंद आहे."

"नक्की? एकदा बघ ना."

मयूरीने वाकून तिच्या पडद्यावर पाहिलं. 'सौजन्य' राखाडी झालेलं होतं, बंद. "बंदच आहे गं. का, काय झालं?"

"तो मानूस," दीपाली म्हणाली, "ठेवता ठेवता म्हणे, 'चुकलं माझं, ताई'." ती हळूच खुर्चीत बसली. "म्हणजे मग त्यानेच म्हटलं."